सातव्या प्रश्नापुढचं शून्य

आयुधपूजेला, म्हणजे कारखान्यातल्या खंडेनवमीला, फौंड्रीवाले चेन्नियप्पन अय्या येणार नाहीत, असं तेनमोळी धरून चालली होती. खरं सांगायचं तर ते येऊ नयेत असंच तिला वाटत होतं. आठ दिवसांपूर्वी तिनेच स्वतःच्या सहीने त्यांना कंपनीचं पत्र पाठवलं होतं, की आपली सहा वर्षांची भागीदारी येत्या डिसेंबरअखेर संपते आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. असं पत्र मिळाल्यावर माणूस कशाला प्रसादाला येतोय? पण साडेदहाला फाटकाशी अरसूरहून येणारी ती जुनी पांढरी गाडी थांबली आणि अय्या उतरले. नेसूला धुवट पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. तेनमोळी खिडकीतून मागे सरली. बेचाळीस वर्षांची, हाताखाली सतरा माणसं असलेली साहेबीण, आणि चोरासारखी पडद्याआड उभी.

कोइमतुरात पंपांचे कारखाने पैशाला पासरी, आणि एकट्याच्या बळावर आता त्यांतल्या कुणाचंच भागत नाही. या कंपनीची मोटर जपानची, सील जर्मनीचं, मोबाइलवरून पंप चालू करायची पेटी बेंगळुरूची, केनियात माल विकायला तिथला व्यापारी, पिकांची माहिती द्यायला कृषी विद्यापीठ. अशा एकोणीस सोयरिकी कंपनीने जोडल्या होत्या आणि त्या सांभाळणं हे तेनमोळीचं काम. कुणाला जवळ करायचं, कुणाला चार हात लांब ठेवायचं, एकाचं गुपित दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, आणि एकाच पाटावर दोघे बसायला आले तर एकाला उठवायचं. त्यासाठी तिने बारा प्रश्नांचा एक तक्ता केला होता. दर तीन महिन्यांनी प्रत्येक भागीदाराला गुण द्यायचे, आणि गुणांप्रमाणे त्याला चारांपैकी एका घरात टाकायचं: वाढवा, सांभाळा, सुधारा, सोडा. चेन्नईच्या एका परिषदेत या तक्त्याला टाळ्या पडल्या होत्या. एकोणीस घरांशी सोयरीक, पण गेल्या तीन वर्षांत बाई त्यांतल्या एकाही घरी घोटभर पाणी प्यायल्या नव्हत्या. तक्ता होता ना.

या उन्हाळ्यात इटलीचा एक ओतकामवाला आला. इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं स्टीलचं चक्र, ते आम्ही देतो म्हणाला, पण त्या कामात दुसरा कुणी नको. ते चक्र तर अय्यांच्या फौंड्रीतून येत होतं. नुसतं येत नव्हतं, कंपनीने आणि अय्यांनी ते मिळून घडवलं होतं. तेनमोळी तेव्हा नवखी होती. ओतलेल्या चक्रावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून तडा कसा ओळखायचा, हे तिला अय्यांनीच शिकवलं होतं.

एम.डी. म्हणाले, "तू मोकळ्या मनाने ठरव." ते असं म्हणत होते तेव्हा त्यांच्या टेबलावर मिलानची विमानाची तिकिटं पडलेली होती. शहाण्याला शब्दाचा मार. तेनमोळी शहाणी होती.

तक्त्यातला सातवा प्रश्न असा होता: या भागीदाराने आपल्याला दिलेला शब्द पाळून स्पर्धकांना नकार दिला आहे का? दहा गुण, पुरावा जोडावा. अय्यांचा शब्द तोंडी होता. चक्र तुमच्याखेरीज कुणाला देणार नाही, एवढंच ते सहा वर्षांपूर्वी म्हणाले होते. तो त्यांनी पाळला की नाही, याचा कागद कुठून येणार? पण गेल्या वर्षी एका लग्नात सुलूरच्या पंपवाल्यांचा मॅनेजर तेनमोळीच्या शेजारी जेवायला बसला होता. "तुमचा तो म्हातारा भारी हट्टी हो," तो हसत म्हणाला होता. "दोनदा गेलो चक्र मागायला. दोन्ही वेळा कॉफी पाजली आणि परत पाठवलं." तेनमोळीही हसली होती. तक्ता भरताना तिला ते लग्न आठवलं, तो मॅनेजर आठवला, पानावरचं पायसम्‌सुद्धा आठवलं. तिने पुरावा नाही असं लिहिलं आणि पुढे शून्य घातलं. इटलीला अडुसष्ट झाले, अय्यांना एकसष्ट. तक्त्याने निकाल दिला. सोमवारी इटलीशी सह्याही झाल्या.

खाली पूजा झाली, तिला उतरावंच लागलं. लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळ्यांना चंदनकुंकू लागलं, फाटकात कुंकू भरलेला कोहळा फुटला. प्रत्येक भागीदाराने आपल्या कामातली एक वस्तू पूजेत मांडायची, ही या कंपनीची जुनी रीत. अय्यांनी ताटावरचं पान काढून चकचकीत चक्र मांडलं, दरवर्षी मांडत तसंच. मग हातात चुरमुऱ्या-डाळ्यांचा प्रसाद घेऊन ते सरळ तेनमोळीकडे आले.

"अम्मिणी, जरा बाजूला येतेस?" लेकीला म्हणावं तसं ते तिला पहिल्या दिवसापासून अम्मिणीच म्हणत.

"अय्या, ते पत्र... मी स्वतः येऊन सांगणार होते," ती म्हणाली. येणार-बिणार काही नव्हती.

"पत्राचं राहू दे गं. धंदा आहे. इटलीवाल्याची भट्टी केवढी, माझी केवढी. त्याचं वाईट नाही वाटलं." त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. पत्राला जोडलेला तक्ता होता तो. "सुनेने वाचून दाखवला. हे बघ, सातवा. दिलेला शब्द पाळला का, असं विचारलंय ना? आणि पुढे शून्य."



"आठ दिवस आठवतोय मी," अय्या म्हणाले. "कुणाला दिलं चक्र? कधी दिलं? आमचा मारियप्पन, साचे करतो तो, बावीस वर्षं आहे माझ्याकडे. त्याला धरून विचारलं, तू कुणाला साचा दाखवलास का? बिचारा रडायलाच लागला. माझ्या हातून नाही, त्याच्या हातून नाही, मग शब्द मोडला कुणी?" त्यांचा आवाज खाली आला. "कुठे चुकलं तेवढं सांग. एम.डीं.च्या पुढ्यात उभा राहून माफी मागतो आणि जातो. त्यासाठीच आलोय. नाहीतर काय तोंडाने आलो असतो?"

भांडायला आले असते तर बरं झालं असतं. भांडणाची तयारी तिने केली होती, मुद्देसूद केली होती. हा माणूस माफी मागायला आला होता. तिला कागदाकडे बघवेना.

"तुमचं नाही चुकलं, अय्या," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली. लिहिताना."

"लिहिताना?"

"हो. घाईत."

तिने पेन काढलं, शून्यावर काट मारली, दहा लिहिलं, शेजारी सही केली. बेरीज तिने मनातच केली: एकाहत्तर. अय्यांनी बेरजेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दहावर त्यांनी अंगठा फिरवला, कागदाची घडी घातली आणि उपरण्याने डोळे पुसले.

"बास. भागीदारी गेली तर गेली. हे शून्य घेऊन मरवलं नसतं." मग ते लेथवरच्या माणसांकडे वळले. "बघा रे, ही आमची अम्मिणी. एवढी मोठी साहेबीण, पण चूक झाली तर उभ्या उभ्या कबूल करते. पदराखाली झाकत नाही. आहे आजकाल असं कुणी?"

माणसांनी कौतुकाने माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "मॅडम आमच्या सरळच आहेत." अय्यांनी आपल्या हातातले चुरमुरे तिच्या ओंजळीत ओतले आणि ते निघाले. मारियप्पनला आधी जाऊन सांगायचं होतं त्यांना.

तेनमोळी ते चुरमुरे घेऊन उभी राहिली. इथे गप्प बसली तर सगळं निभणार होतं. अय्या समाधानाने जातील, दिवाळीला मिठाई पाठवतील, नातवाच्या बारशाला बोलावतील आणि गावभर तिचा सरळपणा सांगत फिरतील. आणि जन्मभर ते ऐकत राहायचं. ती फाटकाकडे जवळजवळ धावतच गेली. अय्या गाडीचं दार उघडत होते.

"अय्या, घाईत नाही झालं."

"काय गं?"

"मला माहीत होतं. सुलूरवाल्यांना तुम्ही दोनदा परत पाठवलंत, ते मला त्यांच्याच माणसाने सांगितलं होतं, गेल्या वर्षी. माहीत असून मी शून्य घातलं. दहा घातले असते तर तुम्ही इटलीच्या वर गेला असता, आणि एम.डीं.ना इटली हवी होती."

अय्यांनी दारावरचा हात काढला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, हातोडी मारल्यावर आवाज ऐकत थांबायचे तसे.

"मी एम.डीं.ना आत्ता जाऊन सांगते," ती म्हणाली. "सह्या झाल्यात, पण तरी सांगते."

"मारियप्पनला मी चोर म्हणालो," अय्या हळूच म्हणाले. मग त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं आणि दोन्ही हात जोडले.

"तुमचं तुम्ही बघा, मॅडम," ते म्हणाले. "येतो मी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बँकेतल्या बाईंशी बोलावं तसं, अगदी अदबीने म्हणाले ते.