पडद्यावरचे ओठ

टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढून तो त्याच्या मागे शिरला, तशी बायकोनं टॉर्च धरला आणि सूचना द्यायला सुरुवात केली.

"पिवळी पिन काढू नका. लाल-पांढरीही राहू दे. नवी वायर शेजारच्या खाचेत लावा, म्हणजे काय ते समोरासमोर कळेल."

"कळायचंय काय? चित्र हलतंय, रंगीत आहे. आणखी काय हवं माणसाला?"

"दुकानदार म्हणाला, जुन्या वायरीतून चित्र लाटेसारखं येतं, वाटेत थोडं सांडतं. नव्या वायरीतून आकडे येतात. आले तर सगळेच्या सगळे येतात."

"आकडे बघायला बसू का मी संध्याकाळी?"

पण त्यानं वायर लावली. पुस्तकांच्या बांधणीत उभं आयुष्य गेलेला माणूस. बोटांना खळ नि धाग्याची सवय, त्यामुळे अंधारातही पिन पहिल्या फटक्यात बसली. धूळ झटकत तो बाहेर आला आणि रिमोट हातात घेऊन बायकोशेजारी बसला. वायरी हलवताना खरखर होऊ नये म्हणून आवाज त्यानं आधीच बंद करून ठेवला होता.

पडद्यावर कुठलीशी मालिका चालली होती. त्यानं आधी जुन्या वायरीवरचं चित्र लावलं, मग नव्या, परत जुन्या.

"सारखंच आहे," तो म्हणाला.

"चष्मा पुसा," बायको म्हणाली.

वाद मिटेना, तेव्हा तिनं खिडकीकडे हात केला. तिथं त्याची थोरली बहीण, अक्का, खिडकीच्या पडद्याला दुमड घालत बसली होती. अक्काला ऐकू येत नसे. ऐन उमेदीची वर्षं तिनं कापडगिरणीत मागांवर काढली होती. तिथल्या खडखडाटात बायका घसा फोडून बोलत नसत. एकमेकींच्या ओठांकडे बघून सुखदुःखं सांगत. पुढे त्या आवाजानं तिचे कान नेले, ओठ वाचायची विद्या तेवढी मागे राहिली.

घरात ती समोरच्याचं बोलणं बिनचूक टिपायची. टीव्हीपुढे मात्र तिचं काही चालत नसे. लेखी ओळी एखाद्याच कार्यक्रमाला येत, त्याही माणूस बोलून गेल्यावर. बाकी वेळी सगळे हसले की ती भावाकडे वळून विचारायची, काय झालं? आणि त्याचं लक्ष पुढच्या वाक्यात असायचं. "काही नाही गं, नंतर सांगतो." ते नंतर क्वचितच यायचं. अलीकडे तिनं विचारणं सोडलं होतं. शिवण घेऊन ती खिडकीशी बसे, उजेड चांगला आहे म्हणून.

त्यानं तिला हातानं बोलावलं. "अक्का, तू सांग. हे बघ. आणि आता हे बघ. फरक वाटतो का?"

जुन्या वायरीवर तिनं नुसती मान हलवली, नेहमीचंच आहे अशी. त्यानं बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि नवं चित्र आलं. अक्कानं सुई कापडात टोचून ठेवली. स्टूल पुढे ओढलं. मग ती पडद्यावर नजर लावून बसली.

"बघा, त्यांनाही सारखंच वाटतंय," बायको जरा खट्टू होऊन म्हणाली.

"ती म्हणतेय," अक्काचा आवाज एकदम हळू झाला होता, "किल्ली मी शेजारणीकडे ठेवलीय."

भावाला आधी उमगलंच नाही कोण म्हणतेय. पडद्यावर एक बाई दारात उभी होती, समोर पुरुष. त्यानं घाईनं आवाज लावला.

"शेजारणीकडे कशाला ठेवलीस?" पडद्यावरचा पुरुष म्हणाला.

बायकोच्या हातातला टॉर्च अजून चालू होता. तो बंद करायचं तिला सुचलं नाही.

त्यानं आवाज परत बंद केला. अक्का बोलत राहिली, एकेक वाक्य, जणू कुणी कानात सांगतंय. बाई म्हणाली, विश्वास आहे म्हणून. तो म्हणाला, माझ्यावर नाही का. भावानं मधेच जुनी वायर लावली, तशी अक्का थांबली.

"आता तोंडं मऊ झाली त्यांची. मेण लावल्यासारखी. कडाच दिसत नाहीत."

नवी लावली, की पुन्हा सुरू. त्यानं तीनतीनदा करून पाहिलं. शेवटी रिमोट मांडीवर ठेवला आणि तो बहिणीच्या तोंडाकडे बघत बसला. ओठांची एक कड, तीळभर सावली, जिभेचं टोक. त्याला ज्यात काहीच वेगळं दिसलं नव्हतं, त्यात एवढी माणसं बोलत होती.

संध्याकाळी राज्यातल्याच दोन संघांचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. आवाज लावायचं त्याच्या मनातच आलं नाही. अक्का मधोमध बसली आणि दोघं तिच्या दोन बाजूंना. पंचाला एक खेळाडू काय म्हणाला ते तिनं सांगितलं तेव्हा बायकोनं पदर तोंडाला लावला. प्रशिक्षक स्वतःशीच पुटपुटत होता, ते तर समालोचकांनाही ठाऊक नसणार. दोन खेळाडू तोंडावर हात धरून कुजबुजायला लागले, तशी अक्का हसली.

"आपल्यासारखं कुणीतरी बघत असणार, हे माहीत आहे त्यांना."

सामना संपता संपता एक साधा चेंडू हरणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाच्या हातांतून सुटला आणि जाळ्यात गेला. अगदीच कोवळा पोरगा. शिट्टी वाजल्यावर तो तिथंच गुडघ्यांवर बसला. त्याचे सोबती लांबूनच निघून गेले. जिंकलेल्यांचा कप्तान मात्र आपल्या माणसांचा घोळका सोडून मैदानभर चालत त्याच्याकडे आला. त्यानं पोराला उठवलं आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तोंड झाकायला हात उरलाच नव्हता. सगळा पडदा त्या दोन चेहऱ्यांनी भरला. भुवईवरचा घामाचा थेंब दिसत होता.

कप्तान बोलत होता. अक्का पुढे झुकली. तिचे स्वतःचे ओठही किंचित हलत होते. पोरानं मान हलवली, कप्तान पुन्हा काही बोलला, आणि पोरानं डोळे मिटले.

अक्का मागे टेकली.

भावानं तिच्या हाताला हात लावला. ती वळली, तेव्हा त्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

तिचे डोळे भरले होते. "चांगलं बोलला."

"हो, पण काय?"

तिनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. रागानं नाही, लहानपणी त्याला हात धरून रस्ता ओलांडून देताना पाहायची, तशी.

"ते त्यानं त्याला एकट्याला सांगितलं रे."

त्यानं मान डोलावली. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडायला लागले होते, एकेक वेगळा दिसत होता, आणि तिघं ते खाली येईपर्यंत बघत राहिली.