पांढरा अंगठा

जॅकचा दांडा सात-आठ वेळा फिरल्यावर गाडी उचलली जायला हवी होती. त्याऐवजी खालून बिस्किटांचा डबा चेपल्यासारखा आवाज आला आणि तिचा हात जागीच थांबला.

भर दुपार होती. शाळेच्या मागच्या आवारात चिटपाखरू नव्हते. चाक बसलेले पाहूनही तिने कोणाला हाक मारली नव्हती. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करत असली तरी आधी गॅरेजमधल्या टेकूची मुलगी होती. तिने चाक बदलायला माणूस बोलावला असता तर बाबा आठवडाभर तिच्याशी धड बोलले नसते. सगळे तिने त्यांनी शिकवले तसेच केले होते. गाडी सपाट फरशीवर आणली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट लावली, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करून घेतले. मग दाराखाली वाकून जॅकची जागा दाखवायला बाबांनी रंगाने उमटवलेला पांढरा अंगठा शोधला आणि जॅक नेमका त्याच्याखाली बसवला.

आता तिने दांडा उलटा फिरवून जॅक काढला आणि खाली हात घातला. दाराखालच्या कडेला पत्र्याची दुहेरी पट्टी असते. तिच्यावर दोन खाचा असतात आणि त्या दोन खाचांमधली चार बोटे जागा तेवढी गाडीचे वजन पेलते. बाकी नुसता पत्रा. तिच्या बोटांना खाचा लागल्या, पण अंगठ्यापासून वीतभर पुढे.

क्षणभर तिला वाटले, दुसऱ्याच कोणी लावला असेल. पण तो ठसा ती कुठेही ओळखू शकली असती. मधोमध आडवी रेघ होती. छिन्नी निसटून झालेली ती जखम तिच्या जन्माआधीची. आणि रंग ताजा होता. "जुना पुसट झालाय," असे म्हणत बाबांनी मागच्याच महिन्यात घराच्या दारात नव्याने लावला होता.

तिने खाचा चाचपून तिथे जॅक लावला, चाक बदलले, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट गॅरेज गाठले.

बाबांना गॅरेजमध्ये त्यांच्या नावाने कोणीच हाक मारत नसे. गाडी वर गेली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "टेकू कुठंय?" लोखंडी टेकू खाली सरकवल्याशिवाय ते कोणाला गाडीखाली बोटही घालू देत नसत. जॅक उचलतो, धरून ठेवत नाही, हे त्यांनी नव्या माणसाला इतक्यांदा ऐकवले होते की शेवटी नावच पडले. अंगठ्याची पद्धतही त्यांचीच. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत भलत्याच जागी जॅक लावला, पत्रा आत गेला, गाडी घसरली आणि वेल्डरचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्ये आलेली प्रत्येक गाडी बाहेर पडताना चार ठिकाणी बाबांचा पांढरा अंगठा घेऊन जाऊ लागली. मग हळूहळू खाचा शोधायचे सगळेच विसरले. अंगठा बघायचा, जॅक लावायचा.

वेल्डरकाका तिला बघून उठले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा स्टुलावर बसले. बाबा आतल्या बाजूला एका बॉनेटमध्ये डोके घालून उभे होते.

"तुझ्या गाडीचाही चुकला?" काकांनी हळूच विचारले.

त्यांना दीड महिन्यापासून ठाऊक होते. आत येणारी प्रत्येक गाडी ते बाबांच्या मागोमाग, काहीतरी शोधत असल्याचे दाखवून, स्वतः तपासून घेत होते.

"आतली मी बघतो गं. बाहेर गेलेल्यांचं काय करू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझा दुसरा पाय शाबूत आहे तो कुणामुळे?"

तिलाही काहीच ठाऊक नव्हते असे नाही. चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. रोजच्या वाटेवरून बाबा दोनदा शेजाऱ्याचा हात धरून परत आले होते. आई म्हणाली, वय झाले की व्हायचेच, आणि तिने ते मान्य करून टाकले होते, कारण मान्य करणे सोपे होते. ही खोड घरातल्या घरात राहील असे तिने गृहीत धरले होते. ती चार-चार ठशांनी रस्त्यावर निघून गेली असेल, कोणीतरी एखाद्या घाटात किंवा आपल्या दारात त्या ठशावर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालेल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

गॅरेजच्या मालकांनी तारेला टोचलेल्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या काढून दिल्या. सावधगिरी म्हणून मागचे पाच महिने धरले, तर एकतीस गाड्या. उद्यापासून वडिलांना घरीच ठेवा, एवढे म्हणून ते आत निघून गेले. तिने बाबांना सांगितले, गॅरेजची फरशी काढली आहे, महिनाभर बंद राहणार. बाबांनी मान डोलावली. फरशी उखडलीच होती जागोजाग, म्हणाले, बरे झाले.

मग रोज संध्याकाळी शाळा सुटली की ती आणि वेल्डरकाका दारोदार हिंडू लागले. गिऱ्हाइकांना ती सांगे की या रंगाने पत्रा गंजतो. एक डॉक्टर तर हसून म्हणाले, "पुसू नका हो, तुमच्या वडिलांची सही आहे म्हणून तर गाडी विकत नाहीये." काका कुबडी बाजूला ठेवून कसेबसे खाली बसत, टॉर्च धरत, ती टर्पेंटाइनचा बोळा फिरवी. काही ठसे अचूक असत. तेही ती पुसत होती. निम्म्या भरवशाचा उपयोग नव्हता. सोळाव्या गाडीपर्यंत तिचे हात आपोआप चालायला लागले होते.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांनी पेला न घेता तिचे मनगट धरले आणि तळहात नाकाशी नेला.

"टर्पेंटाइन," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात आईच्या हातातले भांडे वाजायचे थांबले.

"पुसतेयस?"

"हो."

"किती झाल्या?"

"एकोणतीस."

"चुकलेल्या किती?"

बाकी सगळ्या प्रश्नांची खोटी उत्तरे तिने तयार ठेवली होती. याचे नव्हते.

"अकरा, बाबा."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. तिला वाटले, विषयच त्यांच्या हातून निसटला. तसे हल्ली होई.

"मागच्या चाकाजवळही असतो माझा," मग ते म्हणाले. "तिथं बघितलंस?"

"बघितलं."

"उकिडवं बसून नाही दिसत. पार आडवं व्हायचं. कपड्यांची काळजी करायची नाही."

"आडवीच होते, बाबा."

"हं." त्यांनी उजवा हात तिच्यापुढे धरला. "मग हाही पूस."

तिने कापूस भिजवला. तीस वर्षांचा रंग नखाच्या कडेला, कातडीच्या घड्यांत बसला होता. ती पुसत राहिली, ते लहान मुलासारखा हात सैल सोडून बसले. आडव्या रेघेतला पांढरा रंग शेवटपर्यंत निघाला नाही.

तिसावी गाडी दोनच दिवसांत सापडली. एकतिसावी राहिली. पाववाल्याची मोतिया रंगाची व्हॅन. त्याने ती विकली होती, घेणाऱ्याने पुढे विकली होती, आणि तिथे माग संपला. बाबा काही दिवस रोज विचारत, "व्हॅन?" ती मान हलवी. मग ते व्हॅन विसरले. त्यानंतर गॅरेज, आणि मग तिला. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यांत ते कोणालाच ओळखत नव्हते. पण त्यांची बोटे खाटेच्या लोखंडी कडेखालून पुढे-मागे फिरत राहत, काहीतरी चाचपत. नर्सने तो हात दोनदा पांघरुणात घातला. तिसऱ्यांदा तिनेच नर्सला थांबवले. त्या खाटेला खाचा नव्हत्या.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. वेल्डरकाकांनीही काम सोडले. तिच्या पिशवीत अजून टॉर्च असतो, आणि घट्ट बुचाची एक लहान बाटली.

परवा बाजाराच्या पार्किंगमध्ये तिला एक मोतिया व्हॅन दिसली. तिने पिशवी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि फरशीवर आडवी झाली. चारही बाजू बघितल्या. नुसता गंज होता.

पार्किंगचा रखवालदार येऊन उभा राहिला होता. "काय ताई, काही पडलं का?"

"नाही," ती कोपराला लागलेली धूळ झटकत म्हणाली. "तशीच अजून एक गाडी आहे का हो इथे?"