मेहकरचा टायर

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना टायर आहे. जुना म्हणून कीव करू नका; माझ्याएवढा प्रवास केलेले आमच्या भालकीजवळच्या मेहकरात दोनचारच निघतील.

उद्धवरावांच्या सायकलला लागून मी भालकीचा बाजार कितीदा तरी पाहिला. झिजलो, तेव्हा त्यांच्या लेकीनं, मंजुश्रीनं, मला उचललं. पुढे मी आणि मागे काठी घेऊन ती. टायर पळवणं पोरींचं काम नव्हे, असं पोरं म्हणायची. तिनं त्यांची चांगलीच जिरवली. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पुढे मंजुश्री शिकायला जर्मनीला गेली आणि चित्रकार होऊन तिकडेच राहिली. मी शेळ्यांच्या गोठ्यावर, पत्रा उडू नये म्हणून पडून राहिलो. कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मागच्या साली तिचा फोन आला. लहानपणच्या खेळांवर ती प्रदर्शन मांडणार होती आणि मधोमध मला टांगणार होती. गावच्या काळ्या मातीसकट, आहे तसाच पाठव, असं तिनं आईला, राजूबाईंना, बजावलं. राजूबाईंनी हो म्हटलं आणि फोन ठेवताच मला घासायला घेतलं. वर कारहुणवीच्या सणाला बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंगही फासला.

तिकडे खोकं उघडताच मंजुश्रीनं कपाळाला हात लावला. आता टांगायचं काय? एवढ्या लांब येऊन मी पुन्हा अडगळीतच जाणार होतो. तिनं लगेच आईला व्हिडिओवर गाठलं.

"माय, माती कामून धुतलीस?"

"परमुलखाला जायचा त्यो, मळका कसा पाठवू?" राजूबाई म्हणाल्या. "आन् टांगायलीस कामून त्याला? पळवून बघ की. का दम न्हाई राहिला?"

मंजुश्री खुदकन हसली. तिनं लांब ब्रशाचा दांडा घेतला आणि गुळगुळीत फरशीवरून मला असं पिटाळलं, की कोपऱ्यात दोघंही आपटलो. किती वर्षांनी पळालो मी!

उद्घाटनाच्या दिवशी तिनं 'हात लावू नये' ही पाटी काढून टाकली. पाहुण्यांची पोरं रांग लावून मला पळवत होती. रंगाचे टवके उडाले, तरी मी खूश होतो.

मित्रांनो, खेळणी जपा, पण कुलपात ठेवून नव्हे. आणि मला भेटायला आलात, तर नुसते बघत उभे राहू नका. दांडा दाराशीच ठेवलेला आहे.