तुळशीच्या नावाचं पाणी

मी निवडुंग बोलतोय. अंगभर काटे असलेल्याला कसली आली लाज, असं तुम्ही म्हणाल. पण मला लाज वाटते हो, चांगली मुळापर्यंत वाटते, आणि का ते एकदा सांगून टाकू द्या.

रोपवाटिकेत आईच्या अंगाला चिकटलेलं पिल्लू होतो मी. माळ्याने चिमट्याने उपटलं आणि काळ्या कुंडीत खोचलं. मीराने मला घेतलं ते "याचं काही करावं लागत नाही" एवढ्या एका वाक्यावर. ती नायगावच्या नव्या टॉवरमध्ये एकटी राहते. सकाळी लवकर ऑफिस गाठायचं, अंधार पडल्यावर घरी यायचं. बिनतक्रार जगणारं कुणीतरी तिला हवं होतं.

पण टॉवरला पाणी टँकरचं, खारट आणि जड. माझ्या मातीवर पांढरी खपली धरली, बुडाशी मी पिवळा पडलो. मीरा घाबरली. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं, निवडुंगाला पावसाचं पाणी द्या, नाहीतर पाऊस साठलेल्या तळ्याचं. पाऊस तर केव्हाच सरला होता. मग एका रविवारी मला कापडी पिशवीत घालून, स्कूटरला अडकवून ती निघाली ती थेट जवळच्या गास गावाला.

तिथे आनंदीबाईंची वाडी आहे. मोगरा, केळी, वालपापडी, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि वाडी उन्हाळाभर त्याच्या जिवावर तगते. मीराने वालपापडी घेतली आणि चाचरत म्हणाली, "मावशी, थोडं पाणी मिळेल का? झाडाला हवंय."

"तुळशीला काय गो?" आनंदीबाईंनी विचारलं.

पिशवीत माझे काटे उभे राहिले. सांग ना बाई, निवडुंगाला म्हणून! पण घरात काटेरी झाड ठेवत नाहीत असं मानणारी माणसं ही, आपल्याला हसतील, असं तिला वाटलं असावं. मीरा म्हणाली, "हो."

एवढंच. एका अक्षराचं खोटं.

"तुळशीला नाही म्हनायचं नसतं," म्हणत आनंदीबाईंनी स्वतः पायऱ्या उतरून कॅन भरून दिला. मग काय, दर रविवारी कॅन. खरं सांगू? पाणी अमृत होतं. माझी खपली गेली, रंग फिरला, मी टरारून फुगलो. मीरालाही चटकच लागली. माझ्या शेजारी आणखी निवडुंग आले, बाल्कनीत आमची पंगत बसली. आम्ही पिऊन पिऊन किती पिणार? उरलेलं पाणी ती आमच्या अंगावर फवारायची, थेंब चमकले की फोटो काढायची. लोक वाहवा करायचे. मीही फुशारून बसायचो. आज ते फोटो आठवले की नको वाटतं.

मे महिना आला. मीरा दोन रविवार मैत्रिणींबरोबर बाहेर गेली आणि गासला जाणं राहिलं. तिसऱ्या रविवारी खालून वॉचमनचा फोन. "मॅडम, गासवरून एक आजी आल्यात. पाण्याचा कॅन घेऊन."

मीराच्या तोंडचं पाणी पळालं. धावत शेजारच्या विनिताकडे गेली, तुळशीची कुंडी उसनी आणायला. त्यांच्या दाराला कुलूप! परत येऊन तिने मला उचललं, बाथरूमकडे नेलं, पुन्हा आणून होतं तिथेच ठेवलं. बोटात माझे काटे गेले तरी तिला पत्ता नव्हता. तेवढ्यात बेल वाजली.

"तू टॉवरचं नाव सांगितलं होतंस. रामचंद्र फुलं द्यायला हिकडं येतच होता, त्याच्या टेम्पोत बसले," आनंदीबाई घाम पुसत म्हणाल्या. रामचंद्र त्यांचा मुलगा. "आजारी पडलीस काय गो? म्हटलं, पोर दोन आठवडे नाय आली, तुळस सुकली असंल. बावखल तळाला गेलंय यंदा. मोगऱ्याचा एक वाफा सोडून दिला मी, जळला तो. पन तुझा कॅन बाजूला ठेवत होते. कुठं हाय तुळस?"

आणि त्या बाल्कनीत आल्या.

नेमकी त्याच सकाळी माझी कळी उमलली होती. गुलाबी, टपोरी, माझं पहिलं फूल. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी ते फूल, आणि मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्यांचा मोगरा जळला होता आणि त्याच पाण्यावर मी नटून बसलो होतो.

"मावशी, तुळस नाहीये," मीरा म्हणाली. "कधीच नव्हती. पाणी यांना घालायचे मी."

आनंदीबाईंनी आमची पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "निवडुंगाला पायजे म्हनाली असतीस तरी एक तांब्या दिला असता. तहानेला काय जात असते? पन मी माझा मोगरा तुळशीपायी मारला गो."

चहा न घेता त्या गेल्या. कॅन तिथेच राहिला. मीराने त्याला हात लावला नाही, त्यातला थेंबही आम्हाला दिला नाही. बरं केलं. माझ्या घशाखाली उतरला नसता.

पुढच्या रविवारी तिने मला पिशवीत न घालता, उघडं, स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि तो कॅन मागे बांधला. गासच्या वाडीत त्या दिवशी बावखलातला गाळ काढायचं काम होतं. आजूबाजूच्या घरची माणसं रांगेत उभी राहून घमेली पुढे सरकवत होती. ज्याने पाणी प्यायलं त्याने गाळ उपसायचा, अशी तिथली रीत.

"ही कोन?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

मीराने मला छातीशी धरलं. "मी मीरा. तुळशीच्या नावानं पाणी नेलं आणि ह्याला घातलं."

रांगेत कुणी हसलं, कुणी च्‌ च्‌ केलं. आनंदीबाईंनी वर पाहिलं नाही. "कॅन मोगऱ्याच्या वाफ्यात ओत. मुळं जिती असतील तर असतील. आनि घमेलं घे." मीरा दिवसभर चिखलात उभी होती. निघताना ती मला घ्यायला आली तर आनंदीबाई म्हणाल्या, "त्याला राहू दे हितंच. पाऊस आला की टॉवरच्या बाल्कनीत बादली लाव, बाकीच्यांना ते पाज. ते कोनाकडं मागावं लागत नाय."

तेव्हापासून मी जळलेल्या वाफ्याच्या कडेला, कुंडीसकट बसलो आहे. मोगऱ्याच्या एका खुंटाला फुटवा आलाय असं मला वाटतं. रोज सकाळी तिकडेच बघतो. मीरा रविवारी येते, वाफा खुरपते, मला चमचाभर पाणी घालते. फूल केव्हाच गळून गेलं. पुन्हा आलं तर मोगऱ्याच्या नंतर यावं, एवढंच मागणं आहे.

वाडीत येणारं-जाणारं कुणी थबकून विचारतं, "काकी, हा निवडुंग कशाला ठेवलाय?"

मीरा तिथेच असते, खुरपं हातात, मान खाली. आनंदीबाई केळीची पानं कापता कापता, अगदी सहज म्हणतात, "निवडुंग कुठला? मीराची तुळस हाय ती."