रोयणीवरच्या अळम्यांनी घेतलेली माझी परीक्षा

मित्रांनो, आज मी आपणांपुढे माझ्या आयुष्याचा वृत्तांत विनयपूर्वक ठेवणार आहे. त्यात माझी स्तुती येईल आणि माझा पराभवही येईल. दोन्ही आपण सारख्याच शांतपणे वाचावेत, अशी प्रार्थना आहे.

मी जीवशास्त्राचे एक जुने मराठी पुस्तक आहे. माझा जन्म कोल्हापूरच्या एका छापखान्यात झाला. तेथून मी सावंतवाडीजवळच्या एका शाळेत मालती नावाच्या मुलीच्या हाती आलो. तिने मला खाकी कागदाचे वेष्टन घातले, माझे पानन् पान पाठ केले आणि विज्ञानात पहिला नंबर मिळवला. त्या वर्षीच तिची शाळा सुटली. पुढे डिचोलीतील सुर्ला गावच्या सगुण गावस या ट्रकचालकाशी तिचे लग्न झाले, तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या घडीत मीही आलो. तेथे अनेक वर्षे मी अंधारात पडून होतो. डांबरगोळ्यांच्या वासात माझा जीव घुसमटत असे. पुस्तकाला उघडणारा हात नसेल तर त्याला झोपही येत नाही, हे आपणांस ठाऊक नसेल.

मालतीला भाग्यलक्ष्मी ही एकच मुलगी. आमच्या गोव्यात पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. तशीच तीही पडली. अर्थ न कळता ती पाठ करीत असे. आठवीत जाण्याच्या सुमारास तिला धाप लागू लागली. ज्या खनिजाच्या वाहतुकीवर घर चालत होते, त्याच वाहतुकीची तांबडी धूळ तिच्या छातीत बसली होती. म्हापशाच्या डॉक्टरांनी तिला वर्षभर रस्त्यावर न पाठवण्यास सांगितले. शाळेने उदार होऊन कळवले, की मुलीने घरी अभ्यास करावा आणि एप्रिलात परीक्षेस यावे. इतर विषय ती आपले आपण करू शकत होती. विज्ञान मात्र तिला जमेना. वर्ष बुडाले तर आपल्यासारखीच हिचीही शाळा कायमची सुटेल, या धास्तीने मालतीला अन्न गोड लागत नसे.

आता घरी कोणत्या पुस्तकावरून शिकवावे, हा प्रश्न उभा राहिला. सगुण म्हणे, शाळेचे इंग्रजी पुस्तकच घ्यावे, कारण परीक्षा त्यावर आहे. त्याचा भाऊ कृष्णनाथ पणजीला कचेरीत होता. त्याने रंगीत चित्रांच्या पुस्तकांचा परदेशी संच आणून दिला. मालतीने मला पेटीतून वर काढले. मला पाहून कृष्णनाथ हसला आणि म्हणाला, "वहिनी, ह्या पुस्तकाक वाळवी लागली तर वाळवीय नापास जातली." तो अपमान माझ्या पुठ्ठ्यात अजून रुतून आहे.

पावसात ट्रक उभे असल्यामुळे सगुण घरी होता. त्याने शिकवण्याचा आरंभ केला. इंग्रजी पुस्तकात झाडाच्या सेलचा धडा होता. मुलीला प्रत्यक्ष दाखवावे म्हणून त्याने टॉर्चमधला सेल काढून कोयत्याने फोडला आणि आतली काळी भुकटी कागदावर ओतली. पानात ही भुकटी कुठे असते, असे मुलीने विचारले. पान वाळले की काळे पडते, तीच ही असावी, असे त्याने गंभीरपणे सांगितले. मालती स्वयंपाकघरातून हे ऐकत होती.

"अवो, सेल म्हंजे पेशी," ती म्हणाली. "झाडात बॅटरी आसती तर फणस रातचे पेटले नसते?"

मग ती मला घेऊन बसली. घराच्या भिंतीत चिऱ्यावर चिरा असतो, तशा पानात पेशी असतात, हे तिने भिंतीवर हात ठेवून सांगितले. भाग्यलक्ष्मीच्या तोंडावर प्रथमच उजेड आला. त्या दिवसापासून पहिला मान मला मिळाला. मित्रांनो, मी फुगून गेलो.

श्रावणात सगुणने रोयणीवरची अळमी, म्हणजे अळंबी, आणली. रोयण म्हणजे वारूळ. तिला आम्ही सातेरी देवी मानतो, म्हणून त्याने आधी हात जोडले आणि वारुळाला धक्का न लावता ती खुडली होती. मालती ती निवडत होती. भाग्यलक्ष्मीने तिन्ही पुस्तके पुढ्यात मांडली आणि तिघांनाही एकच प्रश्न केला, की अळमी म्हणजे कोण. परदेशी संचात लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची परकी अळमी होती, रोयण कुठेच नव्हती. मी ठासून सांगितले, की ती वनस्पती आहे. शाळेचे पुस्तक म्हणाले, की ती वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे.

भाग्यलक्ष्मीने एक अळमी उलटसुलट करून पाहिली. "आई, ह्यात हिरवां कायच ना. मगे ही आपलां अन्न करता कशी? तुझां पुस्तक चुकलां."

मालतीचा हात थांबला. "ह्याच पुस्तकार माका पयलो नंबर मिळालो हुतो," ती हळू म्हणाली.

आता आपली पुन्हा पेटीत रवानगी होणार, म्हणून मी कासावीस झालो. मालतीने माझे ते पान बराच वेळ वाचले. मग तिने मला मुलीपुढे सरकवले.

"चुकलां तर खोड. पण पुस्तक टाकू नको. ह्यातलां समज, आणि त्यातलां लिही."

भाग्यलक्ष्मीने पेन्सिलीने माझ्या 'वनस्पती' या शब्दावर रेघ ओढली. पुढे शाळेचे पुस्तक मुख्य झाले आणि त्याच्या बाजूला मी उघडा राहिलो. जेथे इंग्रजी शब्द अडे तेथे ती माझ्याकडे येई, आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याच्याकडे जाऊन खात्री करी. एप्रिलात ती परीक्षेला बसली आणि आपल्या वर्गासोबतच नववीत गेली.

तरी मी निवांत नाही. माझे आणखी कोणते पान चुकीचे असेल, या विचाराने मी रोज अस्वस्थ होतो. म्हणून मित्रांनो, एकच मागणे आहे. आम्हां जुन्या पुस्तकांना रद्दीत देऊ नका, आणि डोळे मिटून नमस्कारही करू नका. आम्हांला उघडा, प्रश्न विचारा, आणि आमचे चुकले तर रेघ ओढा. ती रेघ आम्हांला दुखत नाही.

हे शब्द त्या पुस्तकाच्या वतीने माझ्या अल्प मतीने जुळवले. आपण वेळ काढून वाचलेत, त्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
सगुण गावस
सुर्ला, डिचोली