मांडवीची शिडाची फळी

मित्रांनो, ही २०१९ सालची गोष्ट. मी विंडसर्फिंगची, म्हणजे शिडाची फळी. तरुणपणी मी गोव्यात होते. तिथे शिकवणाऱ्या यज्ञेशने मी जुनी झाल्यावर मला फेकले नाही. रत्नागिरीला, मांडवीच्या आपल्या मामेबहिणीला, अपूर्वाला दिले. त्याचे उपकार मी विसरले नाही.

मला इंजिन नाही, वल्हे नाही. माझ्यावर उभे राहायचे, दोरीने पाण्यातले शीड उचलायचे, आडवी दांडी धरायची आणि शिडात वारा भरू द्यायचा. वाऱ्याबरोबर जाणे सोपे, वाऱ्यासमोर परतणे अवघड. अपूर्वा ऐटीत निघे, वाहत जाऊन किनाऱ्याच्या दुसऱ्याच टोकाला लागे आणि मला डोक्यावर घेऊन चालत येई. मासळी विकणारी मालन विचारायची, "तू फळीवर उभी राहतेस, की फळी तुझ्यावर गो?"

अपूर्वाच्या आईला, कमलाला, समुद्राची धास्ती होती. तिने बजावले, "पावसाआधी एकदा तरी निघालीस तिथेच परत येऊन दाखव. नाहीतर हा नाद सोड."

मे संपत आला. एका सकाळी कमलाने माझे शीड अंगणात पसरून त्यावर कोकमाची सालं वाळत घातली. शीड लालजांभळे झाले.

"मला ताडपत्री वाटली गो," ती म्हणाली.

"ताडपत्रीला खिडकी असते काय, आई?" अपूर्वाने शिडातला पारदर्शक तुकडा दाखवला. तिचे डोळे भरले होते.

कमलाने विहिरीचे पाणी ओढून शीड स्वतः धुतले. डाग राहिलेच. दुपारी शिडाचे एक टोक धरून ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर किनाऱ्यावर आली. सुट्टीवर आलेला यज्ञेशही तिथे होता.

"वारा समोरून असताना ही येणार कशी रे?" तिने विचारले.

"सरळ नाही येता येत, मामी. शीड मागे कलवून तिरकं यायचं. थोडं इकडे, मग वळून थोडं तिकडे."

"म्हणजे घाट चढल्यासारखं."

अपूर्वा ऐकत होती. आजवर ती हट्टाने सरळच यायला बघे. त्या दिवशी वळताना ती पडली, पुन्हा पडली. किनाऱ्यावर कमलाने पदर मुठीत आवळला. मग अपूर्वा पावले हलकी टाकत डोलकाठीला पुढून वळसा घालून शिडाच्या दुसऱ्या बाजूला आली. मी वळले. तिरकी, पुन्हा तिरकी जात मी कमलाच्या पायांपाशी वाळूला टेकले.

कमला एवढेच म्हणाली, "उद्या वारा किती वाजता सुटतो?"

यज्ञेश अजून गोव्यात शिकवतो. मालनचे गुडघे दुखतात. मासळीची टोपली आता तिच्या सुनेने घेतली. कमला बागेतली कामे वाऱ्याची वेळ बघून लावते. अपूर्वा मांडवीच्या मुलींना नव्या फळ्यांवर शिकवते.

मला तडा गेला आहे. मी पडवीत असते. मित्रांनो, समुद्रावरून आलात की आपल्या वस्तू गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. अपूर्वाने मला कधी खारी झोपवली नाही, म्हणून तर मी आज तुमच्याशी बोलते आहे.