बा बोलत नव्हता

एक तूस होतं. पेजेच्या पांढुरक्या सायीखाली अडकलेलं, नखाएवढंसुद्धा नाही… चंद्रावतीने ते बोटाच्या टोकावर घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि तिच्या मनात आलं की हे घशाखाली गेलं असतं तर — म्हणजे कदाचित काही झालंही नसतं, पण दोक्तर म्हणाला होता की खरखरीत काही गिळू द्यायचं नाही, आतल्या शिरा फुगून पातळ झाल्यात. आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या वस्तू तिला मऊ किंवा बोचऱ्या, एवढ्याच दिसत होत्या.

"काय शोधतेस गो?" बाने विचारलं. तो दाराशी बाजेवर कुडाला टेकून बसला होता. हातपाय काटक्यांसारखे, आणि मध्ये ते पोट, तट्ट फुगलेलं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

"तूस आहे."

"तुसान काय माणूस मरतो?"

तिने पेज पुन्हा फडक्यातून गाळायला घेतली.

रविवार होता. उसाच्या शेतांवर कुणी नव्हतं, झोपड्यांच्या रांगेत बायका धुणी वाळत घालत होत्या. तिचा नवरा गोवर्धन साखरेची पोती घेऊन बंदराकडे गेलेला, बुधवारपर्यंत यायचा नव्हता. घरात ती आणि बा. आणि ते तिसरं — जे अकरा दिवसांपूर्वी बाहेर पडलं होतं आणि आता पुन्हा आत दबा धरून बसलं होतं.

त्या दिवशी दुपारी ती शेतावरून आली तेव्हा बा अंगणात ओणवा होता. तिला वाटलं पान थुंकतोय. मग दिसलं की पान नाही… केवढं ते, थांबेचना, काळपट लाल, गुठळ्या-गुठळ्यांचं. माणसाच्या आत एवढं रक्त असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. शेजारची इंद्राणी धावत आली, तिने बाचं डोकं धरलं, आणि चंद्रावती नुसती आपल्या लुगड्याच्या पदराने जमीन पुसत राहिली — जमीन! बा समोर मरत असताना तू जमीन पुसत होतीस, चंद्रे.

इस्पितळात जायला तो तयार नव्हता. मग गुरुवारी दोक्तर घोड्यावरून मळ्यावर आला, त्याने पोटावर बोटं वाजवली, डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला, आणि जे सांगितलं ते त्याच्या इथल्याच, क्रेओल मदतनीसाने तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. काळीज नव्हे, त्याच्या खालचं — यकृत. ते लाकूड झालंय. रक्ताला त्यातून वाट नाही. उसाचा पाट तुंबला की पाणी कुठूनतरी बांध फोडतं, तसं ते घशाच्या नळीत फुटलं.

"पुन्हा फुटेल?"

"फुटेल."

"कधी?"

दोक्तरने पेटी बंद केली. दारूचा थेंब नको, अन्न मऊ, शौच डांबरासारखं काळं झालं तर लगेच निरोप द्या. तेव्हापासून रोज पहाटे ती बाच्या मागोमाग उसाच्या बांधाकडे जायची, तो लाजून तोंड फिरवायचा, आणि राख टाकण्याआधी ती बघून घ्यायची. आज काळं नव्हतं. आजचा दिवस मिळाला होता.

पण बा बोलत नव्हता. 'पाणी दे', 'पडतो जरा', एवढंच. आणि हेच तिला आतून कुरतडत होतं, कारण तिचा बा बोलका होता — म्हणजे दिवेलागणीला, पहिल्या दोन घोटांनंतर. दिवसभर कोयता चालवणारा तो मुका माणूस घोट पोटात गेला की गावी पोचायचा. खाडी, खाडी ओलांडणारी तर, तरीवाल्याची तोतरी हाक, कोकमाची झाडं… तिने न पाहिलेलं सगळं कोकण तिला त्या रमच्या वासातून मिळालं होतं. सात वर्षांची होते मी. आई तापाने गेली त्याच साली दुकानातून बाटली आणायला मी जाऊ लागले. मला कुणी धाडायचं नाही, मीच जायचे, धावत. बाटली लवकर आली की गोष्ट लवकर सुरू व्हायची. म्हणजे ते लाकूड कुणी केलं, बा? तू प्यालास, पण आणून कुणी दिली?

आणि तिसऱ्या दिवसाचं ते. दारू तुटल्यावर त्याचे हात थडथडू लागले, डोळे भलतीकडेच लागले, आणि तो कुडाकडे बघून गयावया करत म्हणाला, "पुष्पे, पाच वर्सांची तर बात. येतो ना मी. रडू नको, पुष्पावती."

तिच्या आईचं नाव सत्यवती होतं.

थडथड गेली, पण नाव राहिलं. कोण ही? विचारावं तर शुद्धीतला बा म्हणजे बंद दार. ते कशाने उघडतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. छपराच्या गवतात खोचलेली बाटली, चौथाई उरलेली, तिने अजून ओतलेली नव्हती. का नव्हती?… ओतायलाच तर काढतेय, असं स्वतःला सांगत तिने आता ती खाली काढली. बूच जरा सैल झालं असावं, वास सुटला. बाजेवर बाची मान वळली.

"चंद्रे." आवाज वेगळाच, जिवंत. "एक घोट दे गो. एकच."

"पुष्पावती कोण, बा?"

तो बाजेवर पुढे सरकला. मग हळूच, लाडीगोडीने म्हणाला, "दे, म्हणजे सांगतो."

तिचा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता, तिने स्वतः पाहिला — आणि तो हात सात वर्षांच्या मुलीचा होता, धावत आलेला, धाप लागलेला.  ती वळली, झोपडीमागे गेली आणि बाटली उपडी धरली. मातीने ती गटागटा पिऊन टाकली.

परत आली तेव्हा बाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ओतलीस?"

"होय."

तिने पेजेची वाटी घेतली, तिच्या हातून तो निमूट पिऊ लागला. चार घोट. पाचव्याला त्याने वाटी बाजूला सारली.

"लग्नाची होती," तो म्हणाला. गोष्टीतल्यासारखा रंग नाही, हातवारे नाहीत; खडे उचलून ठेवावेत तसे शब्द. "तुझ्या आयशीच्या आधीची. गावात दोन वर्सं पीक नव्हतं. पाच वर्सांच्या करारावर इकडच्या मळ्यांसाठी जाजावर चढलो. पाच वर्सांनी येतो म्हटलं."

"मग?"

"मग तुझी आई भेटली. मग तू."

"जिती आहे ती?"

"काय म्हाईत? एकवीस वर्सं झाली."  फुगलेल्या पोटावर त्याने दोन्ही हात ठेवले, सांभाळून. "पोर व्हायचं होतं तिला."

चंद्रावतीच्या हातात वाटी तशीच राहिली. खाडी सांगितलीस, तरीवाल्याचं तोतरेपण सांगितलंस, कोकमाचं एकेक झाड सांगितलंस, आणि हे… बारा वर्षं रोज संध्याकाळी मी ऐकत बसले आणि तू हे तेवढं वगळून सगळं सांगत राहिलास. कुठेतरी कुणीतरी आहे, माझ्याहून मोठं, कदाचित तुझ्यासारख्याच रुंद अंगठ्यांचं, आणि त्याची आई त्याला सांगत असेल — काय सांगत असेल?

"मुलगा की मुलगी?" ती जवळजवळ ओरडलीच. "एवढंही नाही विचारलंस कुणाला? जहाजं येत होती, माणसं येत होती!"

"धीर नाय झाला."

तिने वाटी खाली आदळली. रक्त दिसल्यापासून तिने त्याच्याशी एकही शब्द चढ्या आवाजात काढला नव्हता. काचेच्या भांड्याशी वागावं तशी जपून वागली होती, भीतीशिवाय दुसरं काही मनात येऊ दिलं नव्हतं. आणि आता हा राग — सरळ, धगधगीत, पोटातून वर येणारा. भांडायला उद्या आहे, परवा आहे, असं धरून चालणारा. जगणार असलेल्या माणसावर करावा तसला.